हॉट टबचं वायरिंग: पाणी भरण्याआधी कोणतं काम कधी करायचं

पाऊस ओसरला की पाचगणी, भिलार, वाई, मेढा या पट्ट्यातून फोन सुरू होतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘टबला कितीची वायर लागेल?’ तोवर टब आलेला असतो, क्रेनने गच्चीवर नाहीतर अंगणात उतरवलेला असतो, भोवतीची फरशीही बसलेली असते. आता फक्त वायर ओढायची राहिली, असा घरमालकाचा समज.

वायरची जाडी हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे, कोष्टक बघितलं की कळते. माणूस ज्यामुळे दगावतो ते वेगळंच असतं: नसलेलं किंवा काढून टाकलेलं आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारं उपकरण), बल्ब लावून ‘तपासलेलं’ अर्थिंग, न्यूट्रलला बांधलेली हिरवी वायर. यातल्या बहुतेक चुका होतात त्या काम उलट्या क्रमाने झाल्यामुळे. फरशी बसल्यावर अर्थिंगचा खड्डा खणता येत नाही, म्हणून अर्थिंगला पर्याय शोधला जातो, आणि तिथून सगळं घसरतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. हे काम शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं, कायदाही तेच सांगतो. हे टप्पे घरमालकासाठी लिहिले आहेत. वायरमनला काय विचारायचं, काय स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि कुठे ‘थांब बाबा’ म्हणायचं, एवढं यातून कळावं.

## टप्पा १: टबवरची प्लेट वाचा, शक्यतो पैसे देण्याआधी

प्रत्येक टबच्या कंट्रोल बॉक्सवर किंवा पंपाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक पत्रा किंवा स्टिकर असतो. त्याचा मोबाइलवर फोटो काढा. चार आकडे हवेत: व्होल्ट, हर्ट्झ, अँपिअर आणि हीटरचे किलोवॅट.

आपल्याकडे येणारे टब साधारण तीन जातींचे. पहिली जात हवा भरून फुगवायच्या टबची. हीटर २ किलोवॅटच्या आसपास, सोबत पिन. याला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट पुरतो. दुसरी जात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या पक्क्या टबची, २ ते ३ किलोवॅट हीटर आणि एक-दोन जेट पंप. आपल्याला हाच हवा.

तिसरी जात डोकेदुखीची. अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेला, कुणीतरी कंटेनरमधून आणलेला किंवा जुना विकत घेतलेला टब. प्लेटवर २४० व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिलेलं असतं. ‘आपल्याकडे २३०, तिकडे २४०, चालतंय की,’ असं म्हणून लोक फसतात. तिकडे त्या २४० चे दोन १२० व्होल्टचे भाग असतात आणि मध्ये न्यूट्रल. टबला चार वायरी लागतात: दोन जिवंत, एक न्यूट्रल, एक अर्थ. आतला ओझोनेटर (ओझोनने पाणी शुद्ध करणारा भाग) किंवा छोटा पंप १२० व्होल्टवर चालणारा असू शकतो, आणि तसा सप्लाय आपल्या घरात मुळात नसतो. ६० हर्ट्झची मोटर ५० वर हळू फिरते आणि जास्त तापते.

पाचगणीच्या अलीकडे एका बंगल्यात मला बोलावलं ते टब जळल्यावर. वायरमनने चार टर्मिनल बघितले, दोन जिवंत हवेत हे त्याला कळलं, घरात थ्री फेज होतंच. त्याने एकावर आर फेज दिली, दुसऱ्यावर वाय. दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट असतात. स्विच टाकल्या टाकल्या कंट्रोल कार्ड गेलं. मी दार उघडलं तेव्हाही आत जळक्या बेकलाइटचा वास होता आणि कार्डावरचा एक कपॅसिटर लाहीसारखा फुटला होता. माणसं आत बसलेली नव्हती, एवढंच बरं.

सावधान, रंगांचा घोळ: आपल्याकडे लाल-पिवळी-निळी म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल, हिरवी म्हणजे अर्थ. अमेरिकी टबमध्ये काळी आणि लाल जिवंत, पांढरी न्यूट्रल. युरोपच्या टबमध्ये तपकिरी जिवंत आणि निळी न्यूट्रल. म्हणजे आपली न्यूट्रलची काळी तिकडे जिवंत, आणि आपली फेजची निळी युरोपात न्यूट्रल. रंगावर रंग जोडायचा नाही. टर्मिनलवरचं अक्षर वाचून, आकृती समोर धरून जोडायचं.

## टप्पा २: भार मोजा

एक नेहमीचा चार-पाच माणसांचा टब घेऊ. हीटर ३ किलोवॅट म्हणजे १३ अँपिअर. जेट पंप ८ च्या आसपास. ब्लोअर ३. लहान फिरता पंप, ओझोन, दिवे मिळून १. बेरीज २५ अँपिअर.

आता यात लोक चुकतात कुठे, तर टबला गीझरसारखं समजतात. गीझर पंधरा-वीस मिनिटं चालतो आणि बंद होतो. टबचं तसं नाही. १,२०० लिटर पाणी २० अंशांवरून ३८ अंशांवर न्यायला सुमारे २५ युनिट वीज लागते. ३ किलोवॅटच्या हीटरला साडेआठ तास, तेही झाकण लावून आणि उष्णता कुठेच निसटत नाही असं धरून. डिसेंबरात महाबळेश्वरच्या बाजूला टाकीतलं पाणी त्याहून गार असतं. म्हणजे हा भार रात्रभर सलग चालणारा आहे. कमी जाडीची वायर, ढिला स्क्रू, स्वस्तातला स्विच गीझरच्या वीस मिनिटांत तग धरतात आणि टबच्या आठ तासांत वितळतात.

म्हणून २५ ला सव्वा पट करायचं. ३१ आले. ३२ अँपिअरची स्वतंत्र लाइन. स्वतंत्र म्हणजे मुख्य डीबीपासून (घरातले सगळे ट्रिप स्विच असतात त्या पेटीपासून) टबपर्यंत मध्ये दुसरं काहीही नाही. बागेतले दिवे, बार्बेक्यूचा पॉइंट, गाडी धुवायचा पंप, काहीच नाही.

तपासा: वायरमन म्हणाला, ‘साहेब, बाथरूमच्या गीझर पॉइंटवरून लूप मारतो,’ तर काम तिथेच थांबवा. तो पॉइंट १६ अँपिअरचा असतो.

## टप्पा ३: घरात तेवढी वीज येते का

महावितरणच्या बिलावर मंजूर भार छापलेला असतो. सिंगल फेज जोडणीची मर्यादा ४० अँपिअर. त्यातले २५ टबने घेतले, आत गीझर लागला, बोअरची मोटर सुरू झाली की संपलं. पक्क्या टबसाठी बहुतेक ठिकाणी भार वाढवून थ्री फेज घ्यावं लागतं. हा अर्ज टब बुक केल्याच्या दिवशी करा. सोबत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो, आणि वाडी-वस्तीवर ट्रान्सफॉर्मरची क्षमता बघितली जाते, त्यात वेळ जातो.

थ्री फेज आलं म्हणजे टब तिन्ही फेजवर जातो असं नाही. सिंगल फेज टब एकाच फेजवर राहतो, म्हणून ज्या फेजवर सगळ्यात कमी भार आहे ती त्याला द्यायची. क्लॅम्प मीटर लावून संध्याकाळी सात-आठला तिन्ही फेज मोजल्या की दोन मिनिटांत कळतं.

थ्री फेज घरातला खरा धोका म्हणजे ‘न्यूट्रल जाणं’. वळवाच्या पावसात फांदी पडते, खांबावरचा न्यूट्रल तुटतो आणि एखाद्या फेजवर २३० च्या जागी साडेतीनशेच्या पुढे व्होल्ट येतात. फ्रिज, टीव्ही आणि टबचं कार्ड एका झटक्यात जातं. टबच्या लाइनवर कमी-जास्त व्होल्टेजला तोडणारा प्रोटेक्टर लावाच. शेजारी एसपीडी, म्हणजे विजेच्या लाटेला वाट काढून देणारं उपकरण. एप्रिल-मेच्या गडगडाटात ते किती कामाला येतं, हे घाटमाथ्यावर राहणाऱ्यांना सांगायला नको.

इन्व्हर्टर आणि छोट्या जनरेटरवर टब घ्यायचा नाही. भार झेपत नाही हे एक कारण. दुसरं जास्त महत्त्वाचं: छोट्या जनरेटरचा न्यूट्रल बहुधा अर्थला जोडलेला नसतो, त्यामुळे गळती झाली तरी आरसीसीबीला ती कळेलच असं नाही.

## टप्पा ४: जागा आणि अंतरं खडूने आखा

फरशी बसण्याआधी, टबची कड जिथे येणार तिथे खडूने रेघ मारा. तिथून टेपने मोजायचं.

टबपासून २ मीटरच्या आत स्विच, सॉकेट, डीबी, स्पीकरचा पॉइंट, काहीही नको. साडेतीन मीटरच्या आत सॉकेट नकोच. साधा हिशोब आहे: पाण्यात बसलेल्या माणसाचा हात, किंवा त्याने ओढून आणलेल्या चार्जरची वायर, तिथवर पोचता कामा नये. टबजवळ दिवे हवे असतील तर १२ व्होल्टचे, आणि त्यांचा ट्रान्सफॉर्मर या हद्दीबाहेर, घरात.

आयसोलेटर, म्हणजे टबची वीज पूर्ण तोडणारा स्विच, मात्र टबवरून दिसला पाहिजे. २ मीटरच्या पलीकडे, पण नजरेच्या टप्प्यात. आत काही झालं तर बाहेरच्या माणसाने घरभर डीबी शोधत फिरायचं नाही.

मग मान वर करा. खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर अंगणावरून जाते का? टब तिच्याखाली येत असेल तर टब हलवा. उरमोडीच्या बाजूला एका घरात सगळं काम नमुनेदार झालं होतं आणि टबच्या बरोबर डोक्यावर झुलत होती जुनी अॅल्युमिनियमची सर्व्हिस वायर, मध्ये टेप गुंडाळलेला जोड. वर कुणी बघितलंच नव्हतं.

तपासा: टबचं पंपाचं दार ज्या बाजूला उघडतं तिथे माणूस गुडघे टेकून बसेल एवढी मोकळी जागा आहे का? भिंतीला चिकटवलेला टब दुरुस्त करायचा म्हणजे आधी रिकामा करून ओढायचा.

## टप्पा ५: आता केबल

आता तो पहिला प्रश्न. ३२ अँपिअरच्या लाइनला तांब्याची ६ स्क्वेअर एमएम ही कमीत कमी. चारची वायर पाइपातून नेली तर सामान्य हवेत ती जेमतेम ३२ अँपिअर सोसते, आपल्याकडच्या ४० अंशांच्या उन्हाळ्यात २८ च्याही खाली येते. वर ३२ चा एमसीबी (जास्त भार आला की पडणारा स्विच) असेल तर एमसीबी शांत बसतो आणि वायर तापत राहते.

दुसरा मुद्दा लांबीचा. २५ अँपिअर वाहताना ५० मीटर अंतरात चारच्या वायरीत सुमारे १४ व्होल्ट गळतात, सहाच्या वायरीत ९, दहाच्या वायरीत साडेपाच. शहरात हे चालून जातं. लाइनच्या टोकाच्या वस्तीत संध्याकाळी मुळातच २०० च्या आसपास व्होल्ट असतात, तिथे आणखी १४ गेले की पंप घुमतो, तापतो आणि कार्ड ‘लो व्होल्टेज’ दाखवून बंद पडतं. माझा नियम साधा: डीबीपासून टबपर्यंत ३० मीटरपर्यंत सहाची, त्याच्या पुढे दहाची. अंतर मोजताना सरळ रेषा धरू नका, केबल ज्या वाटेने जाणार ती वाट धरा.

घराच्या आत आयएस ६९४ (आयएस म्हणजे भारतीय मानक) ची वायर पाइपातून चालते. घराबाहेर, जमिनीखालून किंवा भिंतीवरून उन्हापावसात न्यायची तर तांब्याची आर्मर्ड (बाहेरून लोखंडी चिलखत असलेली) केबल, तीन कोअरची. आयएस १५५४ किंवा एक्सएलपीई (जास्त उष्णता सोसणाऱ्या आवरणाची) हवी असेल तर आयएस ७०९८. हा आकडा केबलच्या अंगावर छापलेला असतो. दुकानात भेंडोळ्यावरचं लेबल न बघता केबलवरची अक्षरं वाचा.

तीन कोअर का? फेज, न्यूट्रल आणि अर्थ. काही जण दोन कोअरची केबल घेतात आणि बाहेरचं लोखंडी चिलखतच अर्थ म्हणून वापरतात. मीटरभर पैसे वाचतात. पण चार पावसाळ्यांनी ग्लँडपाशी, म्हणजे केबल पेटीत शिरते तिथल्या पकडीपाशी, ते चिलखत गंजतं आणि टबचा अर्थ कुणालाही न कळता नाहीसा होतो. चिलखत अर्थला जोडायचं ते जोडायचंच, पण खरा अर्थ तिसऱ्या कोअरमधून.

जमिनीखाली पाऊण मीटर खोल. खाली वाळूचा थर, केबल, पुन्हा वाळू, वर विटा, त्यावर पिवळी-लाल धोक्याची फीत, मग माती. महाबळेश्वर-पाचगणीच्या जांभ्यात पाऊण मीटर खणणं म्हणजे ब्रेकर भाड्याने आणणं आलं. खडक लागला तर अर्ध्यावर चर बुजवू नका. केबल जाड एचडीपीई (प्लॅस्टिकच्या) किंवा जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपात घाला, नाहीतर भिंतीच्या कडेने वरून न्या. उथळ पुरलेली केबल पुढच्या मे महिन्यात गुलाबाचं आळं करणाऱ्या माळ्याच्या कुदळीला सापडते.

वाटेत जोड नाही. तुकडा कमी पडला तर नवीन अखंड तुकडा आणा, जुना दुसरीकडे वापरा.

## टप्पा ६: ट्रिप होणारी उपकरणं

इथे शब्दांचा गोंधळ फार आहे. एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला नाही. आरसीसीबी, ज्याला जुने लोक अजून ईएलसीबी म्हणतात, माणसाला वाचवतो, पण जास्त भाराला तोडत नाही. आरसीबीओ दोन्ही करतो. टबसाठी ३२ अँपिअर, दोन पोलचा, ३० मिलिअँपिअरचा आरसीबीओ घ्या. ३० मिलिअँपिअर हा आकडा डोळ्यांनी बघा. दुकानात १०० आणि ३०० चेही मिळतात. ते आगीपासून बचावाला ठीक, ओल्या अंगाच्या माणसाला नाही.

त्यावर ‘ए टाइप’ची खूण आहे का बघा. टबमध्ये इलेक्ट्रॉनिक कार्ड असतं, त्याच्या गळतीचा आकार वेगळा असतो, आणि साधा ‘एसी टाइप’ तिथे आंधळा ठरू शकतो. टबच्या पुस्तिकेत याहून वरचा प्रकार सांगितला असेल तर तोच लावायचा.

दोन पोलचा यासाठी की खेडोपाडी फेज-न्यूट्रलची अदलाबदल झालेली मी अनेकदा पाहिली आहे. खांबावर कुणी काम करून गेलं की कधी कधी घरातला न्यूट्रल फेज झालेला असतो. एकाच पोलचा स्विच बंद केला तरी टब जिवंत राहतो.

आता ज्या एका चुकीसाठी मला सगळ्यात जास्त फेऱ्या पडतात ती. आरसीबीओ बसवला, टब सुरू केला, पंप लागला की ट्रिप. पुन्हा टाकला, पुन्हा ट्रिप. मालक वैतागतो, वायरमन म्हणतो, ‘दादा, पीसच खराब आहे, डायरेक्ट करून देतो, काही होत नाही.’ आणि आरसीबीओ बायपास होतो.

पीस क्वचितच खराब असतो. बहुतेक वेळा टबचा न्यूट्रल डीबीतल्या सगळ्यांच्या न्यूट्रल पट्टीवर नेलेला असतो. आरसीबीओ फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट ताडून बघतो. परत येणारा करंट भलत्या वाटेने गेला की हिशोब जुळत नाही आणि तो तोडतो. टबचा न्यूट्रल आरसीबीओच्या खालच्या टर्मिनलवरूनच निघाला पाहिजे आणि पुढे कुणालाही भेटता कामा नये. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे हीटरच्या कॉइलमध्ये ओल शिरलेली असणं. तेव्हा आरसीबीओ आपलं काम चोख करत असतो आणि आपण त्यालाच शिक्षा देतो.

घराला आधीच मुख्य ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी असेल तर टबची लाइन त्याच्या आधीच्या बाजूने, स्वतःच्या आरसीबीओवर घ्या. नाहीतर टब ट्रिप झाला की अख्खं घर अंधारात.

सावधान: ‘डायरेक्ट’ हा शब्द ऐकला की टब बंद. कारण सापडेपर्यंत बंद.

## टप्पा ७: अर्थिंग

इथे घाई करू नका. बाकी सगळं बरोबर असून इथे चूक असेल तरी टबची स्टीलची कठडी जिवंत होते.

आधी एक हिशोब. समजा हीटरची कॉइल फुटली आणि फेज टबच्या लोखंडी भागाला लागली. अर्थिंग चांगलं असेल तर करंट जमिनीत जाऊन एमसीबी पडेल, असं आपण धरून चालतो. घराच्या खड्ड्याचा रोध १० ओहम असेल तर २३० भागिले १०, म्हणजे फार तर २३ अँपिअर वाहतील. ३२ चा एमसीबी पडणारच नाही. सी प्रकारच्या एमसीबीला झटक्यात पडायला १६० ते ३२० अँपिअर लागतात. १० ओहम हे काही वाईट अर्थिंग नव्हे, जांभ्यात तेवढं मिळालं तरी लोक खूश होतात. म्हणजे आपल्या डोंगराळ भागात एमसीबी आणि अर्थिंग मिळून माणूस वाचत नाही. तिथे ३० मिलिअँपिअरचा आरसीबीओच लागतो. आणि अर्थच नसेल तर गळती वाहायला वाट नसते, मग आरसीबीओ ज्या पहिल्या गळतीवर पडतो ती माणसाच्या अंगातून जाणारी असते. दोन्ही हवेत.

खड्डा टबसाठी वेगळा, पण घराच्या खड्ड्याशी जोडलेला. जीआय पाइपचा इलेक्ट्रोड अडीच मीटर खोल. कराडकडच्या काळ्या मातीत एका खड्ड्यात काम होतं. जांभ्यात किंवा कासच्या बाजूच्या कातळात दोन-तीन खड्डे घेऊन ते एकमेकांना जोडावे लागतात. त्यांच्यामध्ये इलेक्ट्रोडच्या दुप्पट लांबीचं, म्हणजे ५ मीटर अंतर ठेवा. जवळ जवळ खणलेले दोन खड्डे एकाच खड्ड्याइतके काम करतात, मजुरी तेवढी दुप्पट.

बल्बची चाचणी ही चाचणी नव्हे. फेज आणि अर्थमध्ये शंभरचा बल्ब लावतात, तो लख्ख पेटला की ‘अर्थिंग एक नंबर’. त्या बल्बचा स्वतःचा रोध ५२९ ओहम असतो. अर्थिंग ५० ओहमचं, म्हणजे भिकार असलं, तरी बल्बला २१० व्होल्ट मिळतात आणि तो तसाच पेटतो. अर्थ टेस्टरने, जमिनीत खुंट्या ठोकून मोजायला लावा आणि आकडा लिहून घ्या. मोजायचं मे महिन्यात. ऑगस्टमध्ये जमीन चिंब असते, तेव्हा कुठलाही खड्डा चांगलाच दिसतो.

अर्थ न्यूट्रलला बांधायचा नाही. खड्डा खणायचा कंटाळा आला की डीबीत हिरवी आणि काळी एकत्र पिळतात. बाहेर न्यूट्रल तुटला की घरातला सगळा करंट परतीची वाट शोधत त्या हिरव्या वायरीवर येतो, म्हणजेच टबच्या कठडीवर. आणि हिरवी वायर आरसीबीओमधून जात नसल्याने तो हे ओळखेलच असा भरवसा नाही.

यानंतर बाँडिंग, जे दहातल्या आठ ठिकाणी केलेलंच नसतं. टबच्या आसपास हात पोचेल असा प्रत्येक धातू, म्हणजे कठडी, पायऱ्यांचं लोखंड, पर्गोलाचा खांब, शॉवरचा पाइप, सोलरच्या गरम पाण्याची जीआय लाइन आणि फरशीखालच्या स्लॅबची सळई, एकमेकांना आणि टबच्या बाँडिंग टर्मिनलला हिरव्या वायरीने जोडायचा. किमान ४ स्क्वेअर एमएम तांबं, मी सहाची वापरतो. काही बिघडलंच तर सगळे धातू एकाच व्होल्टेजवर राहतात आणि एक हात कठडीला, एक पाण्यात असलेल्या माणसाच्या अंगातून करंट वाहायला कारण उरत नाही. सळईला जोड काँक्रीट ओतण्याआधी द्यावा लागतो. खडूची रेघ मारली त्याच दिवशी हे गवंड्याच्या कानावर घाला.

## टप्पा ८: जोडणी आणि चाचण्या, टब कोरडा असताना

बाहेरचा आयसोलेटर दोन पोलचा, आयपी ६५ च्या (धूळ-पाणी आत न घेणाऱ्या) पेटीत. केबल खालून आत घ्या, वरून कधीच नाही. महाबळेश्वरचा पाऊस वरून घेतलेल्या ग्लँडमधून केबलच्या अंगावरून ओघळत सरळ टर्मिनलवर उतरतो. न वापरलेली भोकं बुचाने बंद करा, नाहीतर पाल आणि मुंग्या राहायला येतात.

बारीक तारांची वायर असेल तर टोकाला लग (धातूची टोपी) क्रिंप करूनच, म्हणजे दाबून बसवूनच, स्क्रूखाली घ्या. सर्व्हिस केबल अॅल्युमिनियमची असेल तर तांबं-अॅल्युमिनियमची गाठ पिळायची नाही, बायमेटल लग लावायचा.

मग या क्रमाने:

१. टबचं कार्ड केबलपासून सोडवा. हे विसरलं तर मेगरच्या (वायरीचं इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरच्या) ५०० व्होल्टने कार्ड मरतं.

२. केबलच्या तिन्ही कोअर एकमेकांत मेगर करा. १ मेगाओहम ही अगदी खालची मर्यादा. नव्या केबलला त्याच्या कितीतरी पट आला पाहिजे. चार-पाच आला तर केबल किंवा ग्लँडमध्ये ओल आहे.

३. डीबीच्या अर्थ पट्टीपासून टबच्या अर्थ टर्मिनलपर्यंत आणि तिथून प्रत्येक कठडीपर्यंत वायर सलग आहे का, मीटरने बघा.

४. कार्ड जोडा, सप्लाय द्या, टर्मिनलवर व्होल्ट मोजा. फेज-अर्थ २३० च्या आसपास, न्यूट्रल-अर्थ दोन-चारच्या आत. जास्त दिसला तर पुढे जाऊ नका. टबचे पंप आणि हीटर अजून सुरू करायचे नाहीत.

५. आरसीबीओचं टेस्ट बटण दाबा. पडला पाहिजे. ठेकेदाराकडे आरसीडी टेस्टर (आरसीबीओ किती वेळात पडतो ते मोजणारं यंत्र) असेल तर ३० मिलिअँपिअरला ३०० मिलिसेकंदांच्या आत पडतो का ते मोजून घ्या. बटण फक्त उपकरण जिवंत आहे का एवढं सांगतं, अर्थिंगबद्दल काहीच सांगत नाही.

आता पाणी भरा. हीटर बुडाल्याशिवाय सुरू करू नका, कोरडा हीटर मिनिटांत जळतो. पहिल्या रात्री पाणी तापत असताना टबमध्ये कुणी उतरायचं नाही. दोन तासांनी डीबीतल्या आरसीबीओला आणि बाहेरच्या आयसोलेटरच्या पेटीला बाहेरून हात लावून बघा. कोमट ठीक. चटका बसत असेल तर आतला स्क्रू ढिला आहे. सप्लाय बंद करून वायरमनला बोलवा.

## टप्पा ९: महिन्याने आणि मे महिन्यात

महिनाभराने सप्लाय बंद करून सगळे टर्मिनल पुन्हा आवळून घ्या. तांबं दबतं, स्क्रू ढिले होतात, नव्या जोडणीत हे हमखास घडतं. आरसीबीओचं बटण महिन्यातून एकदा. मी लोकांना वीजबिल भरायच्या दिवशी दाबायला सांगतो, म्हणजे विसरत नाही. होमस्टे असेल तर हे काम तिथल्या केअरटेकरच्या वहीत लिहून ठेवा, कारण मालक पुण्यात असतो आणि टबमध्ये बसतात पाहुणे.

दर मेमध्ये अर्थ टेस्टर लावा आणि गेल्या वर्षीच्या आकड्याशी ताडून बघा. दीडपट झाला असेल तर खड्ड्यात पाणी घाला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. तरी उतरला नाही तर वरचा क्लॅम्प उघडून बघा. बहुतेक वेळा तो गंजून हिरवट-पांढऱ्या पुडीने भरलेला असतो आणि पन्नास-शंभर रुपयांच्या नव्या क्लॅम्पवर काम भागतं.